लिंकनना न सापडलेला सॅम्युएल

मार्च १८४८ मध्ये अब्राहम लिंकन यांच्याकडे एका अनोळखी माणसाची चौकशी आली. लिंकन तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते, इलिनॉयमधून अमेरिकन संसदेवर पहिल्यांदाच निवडून येऊन वॉशिंग्टनला पोचलेले. चौकशी करणारे गृहस्थ सॉलोमन लिंकन, बॉस्टनच्या दक्षिणेला समुद्रकाठच्या हिंगम गावचे. आपल्याकडे प्रत्येक आडनावात कुलवृत्तांत छापायच्या ध्यासाने झपाटलेले एक काका असतात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा 'तुमचे आजोबा मूळचे कुठले?' असं विचारणारे. सॉलोमन त्यातलेच. वॉशिंग्टनमध्ये आपल्या आडनावाचा कुणी आलाय हे कळल्यावर त्यांना राहवलं नसावं.

लिंकननी सरळ उत्तर दिलं. वडील थॉमस, आजोबा अब्राहम, आजोबा व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीतून केंटकीत गेले आणि तिथे इंडियनांच्या, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या, हातून मारले गेले. पणजोबा पेनसिल्व्हेनियातून व्हर्जिनियात आले आणि ते क्वेकर, म्हणजे एका शांततावादी ख्रिस्ती पंथाचे, होते, अशी घरात पुसटशी ऐकीव माहिती. त्यामागचं काहीच ठाऊक नाही. आणि का ठाऊक नाही, तेही त्यांनी लिहिलं: वडील सहाव्या वर्षी पोरके झाले, गरिबीत आणि नव्या मुलुखात वाढले, शिक्षण मिळालं नाही, म्हणून घराण्याचा इतिहास माझ्यापर्यंत आला नाही.

हे उत्तर मला फार आवडतं. राजकारणात चढत्या कमानीवर असलेल्या माणसाला कुणीतरी न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या राज्यांमधल्या, जुन्या प्रतिष्ठित घराण्याशी नातं आपणहून देऊ करतंय. मॅसॅच्युसेट्सच्या लिंकनांत गव्हर्नर होऊन गेले होते. 'हो, तसं ऐकलंय खरं' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण अकरा वर्षांनी, अध्यक्षपदासाठी नाव पुढे येऊ लागलं तेव्हा लिहिलेल्या छोट्या आत्मवृत्तातही त्यांनी तेच लिहिलं. न्यू इंग्लंडच्या लिंकनांशी नातं जुळवायचा प्रयत्न झाला, पण हाती लागलं ते एवढंच, की ईनॉक, लेव्हाय, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशी नावं दोन्हीकडे आहेत.

नातं होतं. सॉलोमन ज्या गावातून चौकशी करत होते, त्याच गावचा एक विणकर लिंकन यांचा थेट पूर्वज होता. सॅम्युएल लिंकन, १६३७ मध्ये समुद्र ओलांडून आलेला. साखळीतल्या सगळ्या कड्या कागदांनिशी पक्क्या झाल्या त्या लिंकन गेल्यानंतर काही दशकांनी.

मी बॉस्टनच्या दक्षिणेकडच्या भागात राहते. इथे वंशावळ हा अर्ध्या लोकांचा उद्योग आहे. १८४५ साली स्थापन झालेली वंशावळ-संस्था न्यूबरी स्ट्रीटवर अजून जोरात चालते, आणि १६२० ते १६४० या वीसेक वर्षांत आलेल्या सुमारे वीस हजार प्युरिटन (इंग्लंडच्या चर्चमधलं कर्मकांड नको असलेल्या ख्रिस्ती पंथाच्या) स्थलांतरितांपैकी आपलं कोण, हे शोधायला तिथे माणसं सुट्टी काढून येतात. या वेडाचं मला आधी हसू यायचं. मग हिंगमचा सॅम्युएल वाचायला घेतला आणि मीही त्यात गुरफटले. माझा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, हे एका परीने बरंच. पूर्वज थोर निघावा अशी आशा नसली की कागद जरा नीट वाचता येतो.

सॅम्युएलची गोष्ट सांगायची तर त्याच्या आजोबांच्या मृत्युपत्रापासून सांगावी लागते. इंग्लंडच्या पूर्वेला नॉर्फक परगण्यात स्वॉन्टन मॉर्ली नावाचं गाव आहे. तिथले रिचर्ड लिंकन हे खाऊनपिऊन सुखी शेतकरी, गावच्या चर्चचे कारभारीही राहिलेले. त्यांनी एकामागून एक चार लग्नं केली, आणि मृत्युपत्रात बरंचसं चौथ्या बायकोच्या मुलांना दिलं. पहिलीचा मुलगा एडवर्ड जवळजवळ कोरडाच राहिला. एडवर्ड शेजारच्या हिंगम गावात राहून जेमतेम संसार करत होता. भाऊबंदकीला देश नसतो. २४ ऑगस्ट १६२२ रोजी हिंगमच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये या एडवर्डच्या एका मुलाचा बाप्तिस्मा झाला, तो सॅम्युएल. वडिलांकडे जमीन असती तर तो नांगरामागे चालला असता. ती नव्हती, म्हणून पोराला नॉरिच शहरातल्या फ्रान्सिस लॉज नावाच्या विणकराकडे उमेदवारीला ठेवलं.

त्याचा पहिला ठसठशीत कागद सापडतो तो यारमथ बंदराच्या नोंदवहीत. एप्रिल १६३७. राजाच्या परवानगीशिवाय कुणी देश सोडून जाऊ नये म्हणून प्रवाशांची चौकशी करून नावं लिहून घेतली जात. त्यात नॉरिचचा विणकर फ्रान्सिस लॉज, त्याची बायको लिडिया, एक मूल मेरी आणि दोन नोकर: अ‍ॅन स्मिथ, वय १९, आणि सॅम्युएल 'लिंकॉर्न', वय १८. न्यू इंग्लंडला वस्तीसाठी जाऊ इच्छितात. बस, एवढंच.

आता बाप्तिस्म्याची तारीख शेजारी ठेवा. ऑगस्ट १६२२ ते एप्रिल १६३७. पोराला पंधरावंही पुरं झालेलं नाही, आणि नोंदवहीत तो अठराचा. कारकुनाची चूक? असेल. आडनाव त्याने चुकीचं ऐकलंच आहे. मालकाने वाढवून सांगितलं असेल, अठराच्या गड्याला कोण अडवणार? की पोरानेच छाती फुगवून सांगितलं असेल? मला तिसरी शक्यता खरी वाटते, पण त्याला पुरावा काही नाही. मला ती आवडते एवढंच.

प्युरिटन म्हटलं की धर्मासाठी घरदार सोडणारी काळ्या पोशाखातली, ताठ मानेची माणसं डोळ्यांसमोर येतात. त्यात तथ्य आहेच. नॉरिचचे बिशप मॅथ्यू रेन यांनी १६३५ नंतर प्युरिटन धर्मगुरूंना सळो की पळो करून सोडलं होतं. वेदी पूर्वेच्या भिंतीशी हलवा, तिच्याभोवती कठडा घाला, अमुकच झगा घाला. हिंगमचे धर्मगुरू रॉबर्ट पेक इतके भडकले की त्यांनी कठडा उखडून टाकला आणि वेदीची जागाच चर्चच्या जमिनीपेक्षा खाली खणून घेतली. शेवटी १६३८ मध्ये तेही अनेक गावकऱ्यांसह 'डिलिजंट' नावाच्या जहाजातून निघाले. गंमत म्हणजे, १६४१ मध्ये राज्यातलं वारं फिरलेलं दिसताच पेकसाहेब परत इंग्लंडला गेले. त्यांच्या भरवशावर जमीनजुमला विकून आलेल्यांना काय वाटलं असेल!

पण सॅम्युएल पेकसाहेबांच्या आधी निघाला, आणि निघाला तो मालकाबरोबर, नोकर म्हणून. नॉरिचच्या कापडधंद्याला तेव्हा मंदीने घेरलं होतं. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराने वेदीच्या कठड्यासाठी अटलांटिक ओलांडला असं मला काही पटत नाही. त्याच्या मागे मृत्युपत्र होतं आणि पुढे पोट.

जहाज निघालं एप्रिलमध्ये, किनाऱ्याला लागलं जूनमध्ये. ते भर समुद्रात असताना, २६ मे रोजी, कनेटिकटमध्ये मिस्टिक नदीकाठी इंग्रजांनी आणि त्यांच्या इंडियन दोस्तांनी पीक्वॉट या तिथल्या जमातीच्या एका तटबंद वस्तीला वेढा घालून आग लावली. शेकडो माणसं मेली, त्यात बायका-मुलं बहुसंख्य. सॅम्युएल ज्या भूमीवर उतरला तिथे तेव्हा हीच ताजी बातमी असणार, आणि चर्चमधून तिच्याबद्दल आभाराच्या प्रार्थना. वंशावळीच्या कागदांत हे नसतं. तिथे फक्त 'आगमन १६३७' असतं.

नव्या देशातल्या गावाचं नावही हिंगमच. नॉर्फकच्या हिंगममधली इतकी माणसं तिथे येऊन राहिली होती की वसाहतीचं 'बेअर कोव्ह' हे पहिलं नाव १६३५ मध्ये बदललं. त्यात लिंकन तर ढिगाने. एकट्या थॉमस लिंकन नावाचे चौघेजण एकाच वेळी गावात होते, म्हणून गावाच्या दप्तरात त्यांना धंद्याने ओळखलं जाई: थॉमस विणकर, थॉमस पिंपवाला, थॉमस गिरणीवाला आणि थॉमस शेतकरी. सॅम्युएलचा सख्खा भाऊ त्यातला विणकर, चार वर्षं आधी येऊन स्थिरावलेला. त्याला मूलबाळ नव्हतं. १६७५ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या मालमत्तेचा मोठा वाटा सॅम्युएलकडे आला. आजोबांनी जे नाकारलं ते भावाने भरून दिलं, समुद्राच्या दुसऱ्या बाजूला.

जमिनीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. हिंगमची वस्ती अधिकृत झाली १६३५ ला. ती ज्यांची भूमी होती त्या मॅसॅच्युसेट लोकांचा प्रमुख वॉम्पाटक याच्याकडून गावाने रीतसर खरेदीखत लिहून घेतलं ते १६६५ मध्ये. आधी तीस वर्षं राहिले, मग विकत घेतली.

प्युरिटनांची एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: ती लिहून ठेवणारी माणसं होती. १६३९ मध्येच मॅसॅच्युसेट्सने कायदा केला की प्रत्येक जन्म, विवाह आणि मृत्यू गावाच्या दप्तरी नोंदला जावा. इंग्लंडच्या चर्चमध्ये नोंद व्हायची ती बाप्तिस्म्याची, चर्चमध्ये लागलेल्या लग्नाची आणि दफनाची. यांना मात्र लग्न हा संस्कार नसून दोन माणसांतला करार वाटे, त्यामुळे ते लावायचं न्यायाधीशाने आणि लिहायचं गावच्या कारकुनाने. हिंगमचे कारकून डॅनियल कुशिंग यांनी तर नॉर्फकहून कोण कधी आलं याची यादीच करून ठेवली. आज जे कुणी आपला प्युरिटन पूर्वज शोधतात ते अशा कारकुनांच्या जिवावर.

या नोंदी वाचताना कॅलेंडर फार छळतं. तेव्हा इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, आणि हे १७५२ पर्यंत चाललं. म्हणजे जानेवारी, फेब्रुवारी मागच्या वर्षात. सॅम्युएलच्या वडिलांचं दफन फेब्रुवारी १६३९/४० असं तिरपी रेघ मारून लिहावं लागतं. वर प्युरिटनांना जानेवारी, मार्च ही नावं रोमन देवांची म्हणून खटकायची, तेव्हा ते नुसते आकडे लिहीत. 'पहिला महिना' म्हणजे मार्च, आणि 'बारावा' म्हणजे फेब्रुवारी. हे विसरलं की वंशावळीत मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्माला येतं. इंटरनेटवरच्या कितीतरी वंशवृक्षांत ते तसं जन्मलेलं आहे.

याच प्युरिटनांच्या वारसांची चर्च पुढे काँग्रिगेशनल म्हणून ओळखली गेली, आणि त्यांच्या बॉस्टनच्या मिशन-मंडळाने पाठवलेले गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरले. ते मॅसॅच्युसेट्सचेच. पुढे १८३१ मध्ये आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं झालं, १८४२ मध्ये तिथून 'ज्ञानोदय' निघू लागला. नगरमध्ये वाढलेल्या माझ्यासारखीला 'बॉस्टन' हा शब्द पहिल्यांदा कानावर आला तो मिशनच्या शाळा-दवाखान्यांच्या गप्पांतून. तेव्हा हिंगमच्या जुन्या मीटिंग हाउसमध्ये, म्हणजे प्युरिटनांच्या प्रार्थनागृहात, पहिल्यांदा गेले तेव्हा फार परकं वाटलं नाही. १६८१ चं लाकडी बांधकाम, आत मूर्ती नाही, क्रूस नाही, रंगीत काच नाही. वर पाहिलं की मोठाल्या वाकड्या ओक-तुळया उघड्याच दिसतात, जहाज बांधणाऱ्या हातांनी बसवल्यासारख्या. ही इमारत उभी राहिली तेव्हा सॅम्युएल साठीला टेकलेला, गावातला जुना माणूस. नऊ वर्षांनी, १६९० मध्ये, तो वारला.

त्याच्या बायकोचं नाव मार्था. अकरा मुलांची आई. तिच्याबद्दल पक्कं म्हणावं असं जवळपास एवढंच, तिचं माहेरही वादात आहे. लायफर्ड नावाच्या एका धर्मगुरूची विधवा मुलांना घेऊन हिंगमला आली होती, दुसरं लग्न करून. मार्था त्या घरातली असावी असं काहींचं मत आहे. मला ते पटण्याजोगं वाटतं, त्याला कारण एक नाव. लायफर्डच्या एका मुलाचं नाव मॉर्डेकाय होतं. जुन्या करारातून नावं ठेवण्याची प्युरिटनांना हौस, तरी मॉर्डेकाय हे काही घरोघरी सापडणारं नाव नव्हतं. मार्था आणि सॅम्युएलच्या एका मुलाचं नाव मॉर्डेकाय, त्याच्या मुलाचं मॉर्डेकाय, आणि पुढे अध्यक्षांच्या काकांचंही मॉर्डेकाय. लिंकननी 'नावांचं साम्य, बाकी काही नाही' म्हणून जो धागा सोडून दिला तो बरोबर होता. तो कदाचित बाईच्या माहेरून आलेला असावा. वंशावळीत बायका सापडतात त्या बऱ्याचदा अशाच.

पहिला मॉर्डेकाय लोहार होता. त्याने शेजारच्या सिच्युएटमध्ये लोखंडाची भट्टी चालवली, बरं कमावलं. दुसरा मॉर्डेकाय न्यू जर्सीत गेला, तिथून पेनसिल्व्हेनियात. बर्क्स काउंटीत १७३३ मध्ये त्याने बांधलेलं दगडी घर अजून उभं आहे. १७३६ मध्ये तो वारला तेव्हा पहिल्या बायकोपासून झालेल्या थोरल्या मुलाला, जॉनला, त्याने न्यू जर्सीतली तीनशे एकर जमीन दिली, आणि राहतं घर-शेत दुसऱ्या बायकोच्या मुलांना. रिचर्डआजोबांचं शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचं मृत्युपत्र जणू पुन्हा उघडलं, फक्त यावेळी थोरल्याला काहीतरी मिळालं. आणि याच जमिनीच्या कागदांनी घोटाळा सुटायला मदत झाली. न्यू जर्सीतली ती जमीन जॉनने विकली, तेव्हा आपण कुणाचे कोण हे त्याला लिहून द्यावं लागलं. प्रत्येक वंशावळ-संशोधक सांगेल: चर्चचा कागद जळतो, बायबलमधली पानं फाटतात, जमिनीचा कागद लोक जपतात.

क्वेकरपणाची गोष्ट मात्र पोकळ निघाली. बर्क्स काउंटीत लिंकनांचे शेजारी बून कुटुंब, ते पक्के क्वेकर. मॉर्डेकायच्या मरणानंतर जन्मलेल्या मुलाने बूनांच्या अ‍ॅनशी लग्न केलं, तेव्हा क्वेकर सभेने परधर्मीयाशी लग्न केल्याबद्दल तिची कानउघाडणी केली. म्हणजे लिंकन क्वेकर नव्हतेच. शेजाऱ्यांचा धर्म घराण्याच्या आठवणीत घुसला. आणि मूळ पूर्वज तर त्या मॅसॅच्युसेट्समधला, जिथे १६५९ ते १६६१ या काळात चार क्वेकरांना फाशी दिलं होतं.

जॉन १७६८ च्या सुमारास व्हर्जिनियाच्या शेनान्डोआ खोऱ्यात गेला. तिथे राहिलेले काही लिंकन पुढे गुलामांचे मालकही झाले, अध्यक्षांचे चुलत आजोबा जेकब त्यातलेच. जॉनचा मुलगा कॅप्टन अब्राहम १७८२ च्या सुमारास केंटकीत गेला, पाच हजार एकरांच्या वर जमिनीवर हक्क सांगू लागला, आणि मे १७८६ मध्ये शेतात काम करताना मारला गेला. सोबत तीन मुलं होती: मॉर्डेकाय, जोसाया आणि धाकटा थॉमस. थॉमस तेव्हा आठ वर्षांचा, अध्यक्ष सहा म्हणतात.

इथे पुन्हा कागद आडवा आला. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग. मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाला, हा जुना इंग्रजी नियम व्हर्जिनियाने १७८५ मध्ये रद्द केला होता, पण नव्या कायद्याचा अंमल सुरू व्हायचा होता १ जानेवारी १७८७ पासून. कॅप्टन अब्राहम गेला त्याच्या सात-आठ महिने आधी. जमीन मॉर्डेकायला गेली आणि थॉमस रोजंदारीवर. 'वडिलांना शिक्षण नाही म्हणून मला घराण्याचा इतिहास ठाऊक नाही' या लिंकन यांच्या वाक्याच्या तळाशी हे सात-आठ महिने आहेत.

मोठा झाल्यावर थॉमसने घाम गाळून केंटकीत एकामागून एक तीन शेतं घेतली. तिथली मोजणी म्हणजे 'अमक्या ओकच्या झाडापासून तमक्या ओढ्यापर्यंत'. एकाच जमिनीवर तीन-तीन दावे. प्रत्येक शेताच्या मालकीवरून कटकट झाली. १८१६ मध्ये तो कुटुंबासह नदी ओलांडून इंडियानात गेला, कारण तिथे सरकारी मोजणी होऊन चौकोनी तुकडे पाडलेले होते. लिंकन यांनी स्वतः लिहिलंय की हे स्थलांतर काही अंशी गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः केंटकीतल्या जमिनीच्या मालकीहक्काच्या भानगडींमुळे झालं. कुणालाही 'गुलामगिरीमुळे' एवढंच लिहिण्याचा मोह झाला असता.

नॉर्फकपासून इंडियानापर्यंत मला या घराण्यात धर्माचा हात फारसा दिसत नाही, फेरफार आणि वाटण्यांचा दिसतो. मृत्युपत्रात नाव नाही म्हणून विणकर, मालकीहक्क पक्का नाही म्हणून इंडियाना. नॉर्फकच्या हिंगममधल्या चर्चमध्ये १९१९ साली लिंकन यांचा अर्धपुतळा बसवला, तिथे श्रद्धेच्या वारशाबद्दल बोलणं ओघाने येतंच. स्वॉन्टन मॉर्लीच्या मृत्युपत्राचा पुतळा कोण बसवणार?

२० मे १८६२ रोजी लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. सरकारी जमिनीचा १६० एकरांचा तुकडा, किरकोळ फीवर, पाच वर्षं कसून दाखवली की मालकी पक्की आणि कागद हातात. त्या जमिनी आधी कुणाच्या होत्या हे वॉम्पाटकच्या वंशजांनी सांगितलं असतं. अर्ज बाईने करावा की बाप्याने, नुकत्याच आलेल्या परदेश्यानेही, फक्त त्याने नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेला हवा. मुख्य अट अशी, की अर्जदार कुटुंबप्रमुख असावा, नाहीतर वय एकवीस पुरं असल्याचं त्याने शपथेवर सांगावं. कारकून समोर बसून लिहून घेई. किती जणांनी खरं वय सांगितलं, ते त्यांच्या त्यांच्या पणतवंडांनी शोधावं.